वास नसलेली गाडी

मालवणच्या तहसील कचेरीच्या आवारात मी गेली सव्वीस वर्षे अर्ज लिहीत आहे. या अवधीत माझ्या टेबलासमोरच्या बाकावर जे एकदाही बसले नाहीत असे एकच गृहस्थ मला स्मरतात. ते येत, बाक हलवून पाहत, आणि मग बाकापासून फाटकापर्यंत फेऱ्या घालीत मजकूर सांगत. फाटकाशी गेले की पुढचा शब्द मला ऐकू येत नसे, म्हणून लेखणी उचलून मी त्यांच्या परतण्याची वाट पाहत असे. परतताना वळणावर ते उजवा हात बाहेर काढून इशारा करीत. त्यांच्या मागे सहसा कोणी नसे. असलीच तर कचेरीच्या शिपायाची कोंबडी.

"मामानू, हात कोणाक दाखवतास?" आमचा स्टँपवाला हटकून विचारी.

"मागसून येणाऱ्याक."

"मागसून कोणच नाय."

"आज नाय. म्हणान उद्या येवचो नाय?"

एस.टी.त एकतीस वर्षे ड्रायव्हर म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले होते. निम्मी नोकरी किनाऱ्याच्या रस्त्याने आणि निम्मी आंबोलीच्या घाटात. सारा गाव त्यांना ड्रायव्हरमामा म्हणे. त्यांचे नाव मी शेकडो अर्जांवर लिहिले असेल, पण ते उच्चारण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही. चौके गावच्या वळणावर वाकलेली फणसाची फांदी, पुलाच्या कठड्याचा निघालेला दगड, शाळेपुढचा गतिरोधक फार उंच झाल्याची तक्रार, असले त्यांचे विषय असत. अर्ज पुरा झाला की मी तो शिरस्त्याप्रमाणे वाचून दाखवी. पण ते "सबब विनंती की" या शब्दांपासूनच ऐकत. "वरचो मजकूर तुमचो," ते म्हणत, "सबबपासून माझो." माझे शालेय शिक्षण नववीत थांबले असले तरी मसुद्यातले माझे वजन भल्या भल्या कारकुनांनी मान्य केलेले आहे. त्यामुळे अर्धा अर्ज माझ्यावर सोपवणारा हा मनुष्य मला समजूतदार वाटे. पुढे तेच महागात पडले.

त्यांची काही वचने मी अजून वापरतो. हॉर्न वाजवणे म्हणजे आपली चूक दुसऱ्याच्या कानात घालणे, असे ते म्हणत. त्यांच्या मते ब्रेक पायात नसतो, डोळ्यांत असतो. "घाटात गाडी चलवक अक्कल नको, रायटरानू," ते एकदा म्हणाले, "घाटात भय आसता, ताच चलवता. अक्कल लागता ती सपाटीर."

आता त्यांच्या पत्नीविषयी लिहिणे क्रमप्राप्त आहे, कारण या माणसाची सगळी येरझार अखेर तिच्याभोवतीच होती. मामींना डिझेलचा आणि पेट्रोलचा वास सोसत नसे. शिरोड्याहून नवरी म्हणून त्या एस.टी.ने आल्या तेव्हा वाटेत इतक्या ओकल्या, की मालवणात मांडवाशी त्यांना दोघींनी धरून उतरवावे लागले. त्यानंतर दोनदा त्या माहेरी गेल्या, त्या चुलतभावाच्या शिडाच्या होडीतून. पुढे त्या होडीलाही इंजिन बसले आणि समुद्राची वाटही बंद झाली. आणि अशा बाईचा नवरा दिवसभर डिझेलवर बसणारा! ते कामावरून आले की कपडे मागच्या मांगरात, घरापासून सुट्या खोपीत, टांगीत, विहिरीवर लिंबू आणि शिकेकाई लावून आंघोळ करीत आणि मगच उंबरठा ओलांडीत. तरीसुद्धा मामी स्वयंपाकघरातून सांगत, "आज घाट केलास." ब्रेकच्या जळक्या वासावरून त्यांना ते कळे. मामा हे अभिमानाने सांगत. एकतीस वर्षांत मामी त्यांच्या गाडीत एकदाही बसल्या नव्हत्या, हे मात्र ते सांगत नसत.

मामींची आई शिरोड्याला एकटी राही. अंगात बळ होते तोवर म्हातारी वर्षातून एकदा मुलीकडे येऊन जाई. मग तिचे डोळे गेले आणि येणे थांबले, त्याला अकरा वर्षे झाली होती. दोघी टेलिफोनवर बोलत. म्हातारी प्रत्येक वेळी एकच म्हणे, "आवाज ऐकतंय गो, पण तोंडार हात कदी फिरवू?" हे ऐकून मामी टेलिफोन ठेवत आणि मामा अंगणात फेऱ्या घालू लागत.

अशात पुण्याला असलेल्या त्यांच्या पुतण्याने विजेवर चालणारी छोटी गाडी रस्त्यात पाहिली आणि तिचे कात्रण पाठवले. तिला धूर नाही, आवाज नाही, वास नाही. घरातल्या प्लगला रात्रभर लावून ठेवली की सकाळी चालते. दुसऱ्या एका प्रकारच्या गाडीचेही कात्रण त्याने पाठवले. ती मोठी, तिच्यात बॅटरीही आणि पेट्रोलचे इंजिनही, आणि दोहोंपैकी कोणते केव्हा लागते हे चालवणाऱ्यालाही कळत नाही. कात्रणे घेऊन मामा माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या फेऱ्यांचा वेग दुप्पट झाला होता.

"रायटरानू, कंपनीक अर्ज लिवा. गाडी रोजच्या वापराक होयी. बाजार, बंदर, देऊळ. आणि पयली खेप शिरोड्याक."

त्या अर्जात बत्तीस प्रश्न होते. बॅटरीच्या पाण्याला वास येतो काय? गुडघाभर पाण्यातून गाडी नेता येते काय? खाऱ्या हवेत तारा किती दिवस टिकतात? चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे सरकते काय, आणि सरकली तर किती बोटे? उत्तरादाखल कंपनीकडून रंगीत पुस्तिका आली. तिच्यात बॅटरीच्या एका भरणीत ऐंशी किलोमीटर असे छापलेले होते. मामांनी ते वाचून पुस्तिका माझ्या टेबलावर आपटली.

"कंपनीचो किलोमीटर सपाट आसता. आपलो चढाचो."

त्यानंतर चौके, परुळे, म्हापण, वेंगुर्ला अशी वाट त्यांनी टप्प्याटप्प्याने पायी मोजली. प्रत्येक चढ वहीत टिपला. अगदी शिरोड्याच्या स्टँडपर्यंत. तिथून ते परतीची गाडी धरून आले. त्यांच्या हिशेबाने भरलेली गाडी शिरोड्याला जेमतेम पोचत होती आणि परतीसाठी तिथे आठ तास वीज लागत होती. आणि त्या दिवसांत भारनियमन असे होते, की सलग आठ तास वीज म्हणजे लग्नघरातही अप्रूप. वेंगुर्ल्याच्या वाटेवर एका चहावाल्याला त्यांनी प्लग मिळेल का म्हणून विचारले.

"कसली गाडी मामानू?"

"विजेवरची."

"आणि तिका हयसर चाय पाजतलास? बसवा तिका बाकड्यार. खारी पण देतंय."

मग मोठ्या गाडीचा विचार सुरू झाला. तारकर्लीला उतरलेल्या एका मुंबईच्या गृहस्थांकडे तसली गाडी असल्याचे कळताच मामा मामींना चालवत तिकडे घेऊन गेले. सोबत मला नेले, कारण मोठ्या माणसांशी शुद्ध बोलायला कोणीतरी हवे होते. मी हात जोडून म्हणालो, "महोदय, या बाईंना आपल्या वाहनाचा वास घेण्याची अनुज्ञा मिळावी."

ते गृहस्थ मोठ्याने हसले. "घ्या ना. हवा तेवढा घ्या."

बाजारात पापलेट घेताना कल्ला उचलून पाहतात, तशा मामी गाडीभोवती फिरल्या. मागे वाकल्या, चाकाशी थांबल्या. मग आत बसल्या आणि दार लावून घेतले. मालकांनी गाडी वाळूच्या कडेने थोडी नेऊन परत आणली. चाकाखाली करकरणारी सुरूची पाने तेवढी ऐकू येत होती. मामी उतरल्या.

"गाडी बरी आसा. बसणां मऊ आसा. पण हेच्यात पेट्रोल निजलेला आसा."

"मावशी, आत्ता तर ती बॅटरीवर चालली!"

"तुमका आवाज नाय म्हणान तुमी फसतास, बाबा. जागा झाला की माका कळतला."

परतीच्या वाटेवर मामा आमच्यापुढे वीस पावले चालत होते. एकाएकी थांबून वळले, हाताचा इशारा करायचेही विसरले. "म्हणजे कसा झाला बघा, रायटरानू. एक गाडी शिरोड्याक पोचता, पण तेच्यात ही पोचाची नाय. दुसऱ्यात ही पोचात, पण गाडी परत येवची नाय." मामी वाटेवरचे गवताचे तुरे उपटीत चालल्या होत्या.

या एका वाक्याभोवती पुढे दोन वर्षे गेली. सोमवारी छोटी गाडी ठरे, गुरुवारी मोठी. पेट्रोलच्या टाकीला घट्ट झाकण करून मिळेल का, असा अर्ज झाला. छोट्या गाडीला जादा बॅटरी लावता येईल का, असाही झाला. दरम्यान म्हातारी टेलिफोनवर बोलता बोलता दमू लागली होती. मामा फाटकाशी पोचायच्या आतच मागे वळू लागले. मला सांगायला संकोच वाटतो, पण त्यांना पाहून माझाही पाय टेबलाखाली हलू लागे.

अखेर त्यांनी ठरवले की आधी वाट, मग गाडी. शिरोड्याला सासूच्या घरी एक दिवस सलग आठ तास वीज मिळण्याची हमी घ्यायची, आणि ती मिळताच छोटी गाडी मागवायची. तिथल्या वीज कार्यालयाला अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. त्यांनी म्हातारीच्या मीटरचा ग्राहक क्रमांक एका दमात, न अडखळता सांगितला.

येथे मला माझ्या व्यवसायाविषयी लिहावे लागेल. जशी गोष्ट तशीच लिहिलेला अर्ज कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, असा माझा अनुभव आहे. वाचणाऱ्याने खुर्चीत जरा पुढे सरकावे, असे एक वाक्य त्यात असावे लागते. कोणा अर्जदाराला मी निराधार केले आहे, कोणाचे छप्पर वाऱ्याने नेले आहे. त्याने कोणाचे वाईट झाल्याचे माझ्या ऐकिवात नव्हते. त्याच शिरस्त्याने मी लिहिले, "अर्जदाराची पत्नी दीर्घ आजाराने अत्यवस्थ असून, तिची आपल्या वृद्ध मातेशी अखेरची भेट घडवून आणणे हे अर्जदाराचे परम कर्तव्य आहे." मामांनी नेहमीप्रमाणे सबबपासून ऐकले, मान डोलावली आणि सही केली. मीही वरचे वाचून दाखवण्याचा आग्रह धरला नाही.

तिथला वायरमन नेमका म्हातारीच्या कुंपणाला लागून राहणारा निघाला.

चौथ्या दिवशी सकाळी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही घेण्यासाठी मी मामांच्या घरी गेलो होतो. मामी मागच्या पायरीवर पेडवे, म्हणजे बारीक मासळी, साफ करीत होत्या. इतक्यात फाटकातून हंबरडा ऐकू आला. शिरोड्याच्या एका शेजारणीच्या खांद्यावर एक हात, दुसऱ्या हाताने ऊर बडवीत म्हातारी आत येत होती. दोन एस.टी. बदलून आली होती.

"गो बाये! माज्या आदी चल्लस काय गो!"

मामी तशाच खवल्यांच्या हातांनी धावल्या. "आये? आये, तू कशी इलंस?"

म्हातारीचे हात मुलीच्या तोंडावर गेले. कपाळ, डोळे, गाल, पुन्हा कपाळ. "ताप नाय." मग तिने हात आपल्या नाकाशी नेला. "पेडवे?"

"व्हय. पेडवे साफ करतंय."

"मराक टेकलेला मानूस पेडवे साफ करता?"

शेजारीण हसली, मामीही हसल्या, आणि म्हातारी मात्र तिथेच अंगणात बसून रडू लागली. मुलीची हनुवटी तिने सोडली नव्हती. "कान वायच मोठे झाले गो तुजे," ती म्हणत होती. "आणि हयसरलो दात खंय गेलो?"

शेजारणीने पदराची गाठ सोडून वायरमनने दिलेली अर्जाची नक्कल मामांच्या हाती ठेवली. त्यांनी ती प्रथमच वरपासून वाचली. फेऱ्या थांबल्या.

"अत्यवस्थ म्हणजे काय, ता माका कळता, रायटरानू."

"मामा, मसुद्याची ती पद्धत असते. माझा हेतू..."

"तुमी तिका कागदार आडवी घातलात. आणि खाली सही माझी आसा."

म्हातारीने मान वळवली. "खोटां लिवणारो तो हयसरच आसा? ये रे पुडे." मी गेलो. तिने माझा हात धरून बोटे चाचपली. "एवढोसो हात," ती म्हणाली, "आणि केवढा खोटां!" मग हात सोडून तिने मुलीला विचारले, जेवायला काय करणार आहेस.

शेजारीण संध्याकाळीच परतली, म्हातारी सहा दिवस राहिली. या सहा दिवसांत मामा माझ्याकडे फिरकले नाहीत. तो अर्ज मागे घ्यावा असा निरोप मात्र त्यांनी पाठवला. लिहिलेले खरे होईल, अशी धास्ती त्यांना पडली होती. मी आयुष्यात अर्ज मागे घेतलेला नव्हता. तो घेतला. त्यासाठी शिरोड्याला स्वतः गेलो आणि वायरमनच्या घरी जाऊन त्याचे बोलणेही खाऊन आलो.

सातव्या दिवशी स्टँडवर मी त्यांना पाहिले. म्हातारीचे मन तिच्या घराकडे लागले होते आणि तिला पोचवायला मामी निघाल्या होत्या. एस.टी.ने. पदराला लिंबाची पाने बांधलेली, हातात प्लास्टिकच्या पिशव्यांची चळत. मामा गाडीच्या दारात आडवे उभे होते.

"आठ दिवस थांब गो. धाकटी गाडी मागवतंय. आज मागवतंय."

"दोन वर्सां तुमी आजच मागवतास."

"तुका सोसाचा नाय."

"ता माका बघांदे. आये, पायरी आसा, पाय वर घे."

गाडी गेली. मामी चौक्याच्या आतच ओकू लागल्या आणि परुळ्यापर्यंत ओकत होत्या, पण उतरल्या नाहीत, असे कंडक्टरने संध्याकाळी सांगितले.

दुसऱ्या दिवशी मामा आले. फाटकापर्यंतही गेले नाहीत. दोन पावले इकडे, दोन पावले तिकडे.

"ती गेली, रायटरानू. बसान गेली."

"ऐकले मी."

"म्हणजे माझ्या गाडीतसून पण इली आसती. एकतीस वर्सां. ह्याच वाटेन माझी गाडी जाय. ओकली आसती, पण इली आसती."

"मामा, त्यांना वास..."

"वास येता म्हणान येवचंय नाय, असा तिना कदी सांगूक नाय. लग्नात ओकली ता मी बघलंय, आणि माझा मीच ठरवलंय. तिका विचारूकच नाय." त्यांनी बाक हलवून पाहिला. "गाडी पण मीच ठरवी होतंय."

मग त्यांनी अर्ज लिहायला सांगितला. कोणाच्या नावे, म्हणून मी विचारले. त्यांनी पत्नीचे नाव सांगितले. पत्र लिहू या, असे मी सुचवले. "पत्र नको. पत्रात मानूस कायव लिवता. अर्ज लिवा. अर्जाक उत्तर देवचा लागता."

मी मायना घातला. त्यांनी तो वाचला आणि खोडायला लावला. "विनम्रपणे" खोडले. "आपल्या प्रकृतीच्या काळजीपोटी" हे माझ्या मते फार चांगले साधले होते, तेही गेले. सबबही राहिले नाही. अखेरीस त्या कागदावर एकच ओळ उरली, "तुका खंयची गाडी होयी?" आणि खाली सही. इतका छोटा अर्ज माझ्या हातून त्याआधी झाला नव्हता, त्यानंतरही नाही. वेंगुर्ल्याच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर तो गेला.

पाचव्या दिवशी उत्तर आले. मामांनी लखोटा माझ्या टेबलापाशीच फोडला. कागद तोच होता. शेऱ्यासाठी मी सवयीने मोकळ्या सोडलेल्या जागेत मामींनी पेन्सिलीने, चौथीच्या वळणदार अक्षरात लिहिले होते. मामांनी तो कागद माझ्यापुढे धरला, म्हणून मला वाचता आला.

"गाडयेचा मागसून बघूया. आई जेवणा नाय. तुमी शिरोड्याक हजार खेपो केलास, घराक एकदाव येवक नाय. आता येवा."

मामांनी घड्याळ पाहिले. दुपारची गाडी सुटायला वेळ होता, तरी ते चालू लागले. फाटकापर्यंत गेले, थबकले आणि परत माझ्या टेबलापाशी आले. या माणसाला त्या वाटेवरचा प्रत्येक चढ पाठ होता. म्हातारीच्या मीटरचा क्रमांक तोंडपाठ होता. ते हळू आवाजात, स्टँपवाल्याला ऐकू जाणार नाही असे म्हणाले,

"रायटरानू, तुमी थयसर अर्ज मागे घेवक गेल्लात. स्टँडारसून तिचा घर खंय पडता?"